जागलीचा रेडिओ, दोन हंगाम वापरून झाल्यावर लिहून राहिलो

जागलीला, म्हणजे रात्री वावरात पीक राखायला, नेतो तसला रेडिओ घ्यायचा का नाही हे पाच-सहा जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहतो. थोडं लांब होईल, कारण आवाज कसा न बॅटरी किती पुरते एवढंच सांगून माझं समाधान होणार नाही, या डब्ब्यानं मला जे दिलं ते बॅटरीच्या हिशोबात बसत नाही.

आधी वस्तू. हातात मावेल एवढा, काळ्या प्लास्टिकचा, समोर गोल जाळी, बाजूला स्टेशन लावायची चकती, वर ओढून काढायची दांडी, डोक्यावर एक छोटी टॉर्च. एफएम आहे, मीडियम वेव्ह आहे, पेनड्राइव्ह न मेमरी कार्ड लावायची सोय आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारात एक पोरगा ताडपत्रीवर टॉर्च, चार्जर, दाढीच्या मशिनी मांडून बसतो, त्याच्याकडून ६५० ला घेतला, तो ८०० म्हणत होता. कंपनीचं नाव लिहत नाही, अशा रेडिओवर दरवर्षी नाव वेगळं चिकटवलेलं राहते न आतला माल तोच, त्यामुळे नावाचा तुम्हाला काही उपयोग नाही. दोन रब्बी हंगाम झाले, वावरात, दवात, धुळीत वापरला. एकदा मचानावरून खाली पडला. चालू आहे.

आता का घेतला ते. आमचं वावर गावापासून तीन किलोमीटर, नाल्याच्या पलीकडे, दारव्हा तालुक्यात. रब्बीला चना आणि थोडा गहू. चन्याचे घाटे भरायला लागले की रोही (नीलगाय) न रानडुकरं रात्री उतरतात, डुकरांचा कळप तर एका रात्रीत एवढं उकरून ठेवतो की सकाळी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहवत नाही. त्यात ओलिताची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच, म्हणजे मोटार चालू करा, स्प्रिंकलरचे पाइप बदला, नोझल अडकलं की काडी घालून मोकळं करा, रात्री वावरात राहणं आहेच. पहिले मी आणि लहान भाऊ, दोघं जात होतो जागलीला. दोघं असलो की रात्र कशी जाते कळत नव्हतं, शेकोटी, गप्पा, चन्याचे डहाळे भाजून हुळा खायचा, तोंड काळं करून पहाटे घरी. भाऊ २०२१ ला पुण्याला कंपनीत लागला. पुढच्या वर्षी पोरांच्या शाळेसाठी बायको दोघा लेकरांना घेऊन यवतमाळला खोली करून राहायला गेली, आमच्या गावात आता अर्ध्या घरांचं असंच आहे, बाई-लेकरं तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला न माणूस वावरात. घरी मी आणि आई. रात्री वावरात मी एकटा.

एकट्याचा पहिला हंगाम लय वाईट गेला. जनावराची भीती नव्हती, लहानपणापासून वावरात झोपलेला माणूस मी. शेकोटी पेटवली, भाकर खाल्ली, एक चक्कर मारली, घड्याळात पाहिलं तर आठ वाजून वीस मिनिटं. आता सकाळपर्यंत काय करायचं? मग मोबाईल. आमच्या वावरात नेटची रेंज एकाच ठिकाणी येते, विहिरीच्या कठड्यावर, तर मी डिसेंबरच्या थंडीत त्या कठड्यावर कानटोपी घालून मोबाईल हातात धरून बसायचो, एक व्हिडिओ संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, गोल-गोल फिरणारं चाक पाहत. सकाळी डोळे लाल, डोकं जड, आणि काल रात्री काय पाहिलं विचारलं तर एक गोष्ट सांगता येणार नाही. न मोबाईलची बॅटरी संपली की एकदम जे काही अंगावर यायचं ना, भावासोबतचं भांडण, सोसायटीचं कर्ज, पोरीची फी, सगळं एकाच वेळी, बाजारातून आल्यावर लेकरं जशी पिशवीवर तुटून पडतात तसं.

तेव्हा मी एकटा होतो पण एकटं बसता येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

रेडिओ घ्यायचं सुचवलं ते शेजारच्या वावरातल्या काकांनी. त्यांचं मचान आमच्या धुऱ्यापासून दोनेकशे पावलांवर. काकी जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ते जागलीला एकटेच असतात, आणि मी त्यांना कधी कंटाळलेलं पाहिलं नाही. एका रात्री मी त्यांच्या शेकोटीवर जाऊन बसलो, सलग चौथ्या रात्री, तर म्हणाले, "बापू, तू ये, मले काई त्रास नाई, पन रोज किती दिवस येशील? एक रेडिओ आनून घे. मानसाले बोलनारा पायजेच असं काई नाई, बाजूले कोनी हाय एवढं वाटलं तरी पुरते." त्यांचा जुना मोठा रेडिओ मचानाच्या खांबाला सुतळीनं बांधलेला, दांडी तुटली म्हणून तिथं सायकलचं स्पोक लावलेलं. काकांचं न विविध भारतीचं जन्मसाल एकच, १९५७, ते हे प्रत्येक वेळी सांगतात आणि मला प्रत्येक वेळी बरं वाटते.

पहिली रात्र सांगतो. मचानावर गोधडी टाकली, रेडिओ उशाशी ठेवला, चकती फिरवली, खरखर खरखर आणि मग एकदम स्वच्छ आवाजात एक बाई बोलायला लागली, दहा वाजले आहेत आणि आता छायागीत. गाणं सुरू झालं. मी काही केलं नाही. हे लिहताना सोपं वाटते पण कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा हात रिकामे होते, हाताला काही सरकवायचं नव्हतं, पुढचं गाणं कोणतं हे माझ्या हातात नव्हतं, आवडलं नाही तरी तीन-चार मिनिटं थांबायचं. गाण्याच्या मधात दूर नाल्याकडे टिटवी ओरडली ती ऐकू आली. मोबाईल पाहताना ती रोजच ओरडत असेल, मला ऐकू आली नव्हती.

रेडिओचा मोठा गुण हाच, तो डोळे मागत नाही. कान थोडा देऊन बाकीचा माणूस मोकळा राहते. पाइप बदलताना तो धुऱ्यावर वाजतो, शेकोटीत काडी सारताना वाजतो, आकाशाकडे पाहत पडलो तरी वाजतो. तुम्ही कोण, काय पाहिलं, किती वेळ पाहिलं याच्याशी त्याला घेणं नाही. बंद केला की तो बंद, नंतर वाजून बोलवत नाही.

आता कामाचं, स्टेशनं. एफएम साफ येते पण तिची लहर सरळ रेषेत चालते, मधात टेकाड आलं की संपलं, त्यामुळे आमच्याकडे मचानावर एफएम मस्त लागते आणि खाली नाल्याजवळ गेलं की नुसती खरखर. मीडियम वेव्हचं उलटं आहे. दिवसा जवळचंच ऐकू येते, सूर्य बुडाला की दूरदूरची स्टेशनं यायला लागतात, कारण खूप उंचावर हवेचा एक थर असते जो दिवसा या लहरी गिळून टाकते, रात्री तो विरते आणि त्याच्या वरचा थर लहर परत जमिनीकडे पाठवते. एकदा रात्री दोनला मला दक्षिणेकडचं कोणतं तरी स्टेशन लागलं, भाषा एक शब्द कळत नव्हती, मृदंगासारखं काही वाजत होतं, अर्धा तास ऐकलं. माझा आजोबा या वावरात बसून नागपूर केंद्र ऐकायचा, ते १९४८ पासूनचं आहे, तो बाजारभावासाठी लावायचा आणि मग भजन लागलं की बंद करायला विसरायचा असं आई सांगते. मीडियम वेव्हवर आवाज बारीक आला तर दांडी ओढत बसू नका, दांडी एफएमची. मीडियम वेव्हसाठी डब्ब्याच्या आत एक काळी कांडी असते, तिच्यासाठी अख्खा रेडिओच हळूहळू फिरवावा लागते, एका दिशेला आवाज भरून येते आणि त्याच्या काटकोनात एकदम मरते. मी मचानाच्या फळीवर खडूनं खूण करून ठेवली आहे, रेडिओ त्या खुणेवर ठेवला की झालं.

आणि एक फायदा जो कोणत्याच दुकानदारानं सांगितला नाही. ज्यांच्याकडे सोलरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून झटका सोडणारं) आहे त्यांनी मीडियम वेव्हवर रिकाम्या जागी, जिथं स्टेशन नाही तिथं लावून पाहा. टक... टक... टक... सेकंद-दीड सेकंदाला एक. तो तुमच्या तारेतला झटका आहे. टकटक बंद म्हणजे मशीन बंद. आणि तारेला कुठं गवत लागलं किंवा ओली काडी टेकली, ठिणगी पडून राहिली, तर त्या जागेजवळ रेडिओ नेला की टक चं कडाड होते. मी रात्री तार तपासायला आता पूर्ण धुऱ्यानं बोटं लावत फिरत नाही, रेडिओ हातात घेऊन एक चक्कर मारतो, पंधरा मिनिटांत जागा सापडते. (हे मशीनच्या झटक्याबद्दल आहे. कोणी लाईनचा करंट सरळ तारेत सोडत असेल तर हात जोडून सांगतो, सोडू नका, माणसं मेली आहेत त्यात, आपलीच.)

पहिला महिनाभर मी रेडिओ रात्रभर चालू ठेवला. झोपेतही. बंद करायची हिंमत नव्हती असंच म्हणा. मग एका रात्री, जानेवारीत, सेल संपला आणि रेडिओ हळूहळू बारीक होत बंद पडला. साडेअकरा वाजले होते. मोबाईल मुद्दाम घरीच ठेवायला लागलो होतो, फक्त साधा बटनाचा फोन सोबत, आईसाठी. म्हणजे काहीच नाही. मला वाटलं आता ते सगळं येईल पिशवीवर तुटून पडल्यासारखं. आलं. पण एकाच वेळी नाही आलं. आधी भावाचं भांडण आलं, मी ते नेहमीसारखं अर्ध्यात तोडलं नाही कारण तोडायला हातात काही नव्हतंच, तर ते पूर्ण आलं, पहिल्या शब्दापासून, वाटणीच्या दिवशी ओसरीवर कोण कुठं बसलं होतं इथपासून. आणि मला दिसलं की मी दोन वर्षं फक्त त्याचं शेवटचं वाक्य आठवून राहिलो होतो. त्याच्या आधी त्यानं तीनदा म्हटलं होतं, "दादा, तू सांग तसं करू." तीनदा. मी तेव्हा ऐकलं नाही न नंतर आठवलंही नाही. पहाटे सहाला बटनाच्या फोनवरून त्याला लावला, तो घाबरला, आईले काई झालं का म्हणाला. काई नाई म्हटलं, चना चांगला आहे, हुळा खायला ये. तो आला शिवरात्रीला, दोन दिवस राहिला.

हे रेडिओनं केलं असं मी म्हणत नाही. पण रेडिओनं मला तिथपर्यंत बसवलं. मोबाईलवरून एकदम नुसत्या अंधारात मी बसूच शकलो नसतो, पळून गेलो असतो काकांच्या शेकोटीवर. मधली पायरी पाहिजे होती. लहान लेकराला झोपवताना आपण आधी बोलत राहतो, मग नुसता हात ठेवतो, मग हात काढतो, तसं.

तेव्हापासून माझा नेम असा, साडेसात ते साडेदहा रेडिओ, मग बंद, आणि पहाटे बातम्यांपुरता परत. मधले सहा-सात तास माझे. त्यात झोपही आहे, दोन-दोन तासांची, पण जागेपणाचे जे तास आहेत त्यांची मी आता वाट पाहतो. घड्याळ पाहत नाही. तिकांडं, म्हणजे मृगाच्या त्या तीन चांदण्या एका ओळीतल्या, डिसेंबरच्या मधात बाराच्या सुमाराला डोक्यावर येतात, आणि रोज चार-चार मिनिटं लवकर येत जानेवारी संपता संपता नऊलाच येतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी पाहिलं. मध्यरात्रीनंतर उत्तरेकडून म्हातारीचं बाजलं वर येते, सप्तर्षी, चार खुर आणि मागं तीन चोर, लहानपणी आजीनं दाखवलं होतं, त्यानंतर पस्तीस वर्षांत मान वर करून पाहिलं नव्हतं. डुक्कर येताना रोहीसारखा पाय वाजवत येत नाही, आधी त्याचा वास येते ओल्या मातीसारखा, मग चन्याचं पान फाटल्याचा आवाज. आवाजावरून आता सांगता येते कळप आहे का एकटा आहे. या हंगामात नुकसान अर्ध्याहून कमी झालं आणि त्यातलं बरंचसं श्रेय झटका मशीनचं असलं तरी थोडं माझ्या कानाचं आहे.

आंब काढायला लागलो. नवीन पोरांना माहीत नसेल, चन्याच्या पाल्यावर रात्री आंबट दव धरते, जुनं मऊ धोतर संध्याकाळी चन्यावर पसरून ठेवायचं आणि दिवस उगवायच्या आत पिळून घ्यायचं. आजी करायची, पोट दुखलं की थेंब-थेंब पाण्यात देत होती. हे काम घाईच्या माणसाला जमत नाही, धोतर उचलताना घाटा तुटू नये म्हणून एकेक झाडावरून सोडवावं लागते, बोटं गारठतात आणि नखाच्या बाजूला जिथं चिरलं असेल तिथं आंब झोंबते. एका सकाळी कपभर निघते. यवतमाळला पोरांना नेऊन दिली तर पोरीनं जिभेला लावली न डोळे मिटून घेतले.

आता एक गोष्ट जी रेडिओबद्दल नाही पण लिहायलाच पाहिजे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणूस वावरात एकटा बसलेला दिसला की लोक घाबरतात. खरंच घाबरतात. का ते तुम्हाला सांगायची गरज नाही, आमच्या गल्लीतच तसं एक घर आहे. आई रोज रात्री दहाला फोन करायची, उचलला नाही की कोण्या तरी पोराला मोटरसायकलवर पाठवायची, आणि मी चिडायचो, मी काई लहान आहो का म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "तू वावरात एकटा असलास की मले भिंतीकडं तोंड करून झोपवत नाई रे." त्यानंतर चिडलो नाही. तिला समजावून सांगायला मला शब्द नव्हते की आई, आता मी तिथं चांगला असतो. ती एकदा स्वतःच आली, फेब्रुवारीत, संध्याकाळी मचानावर बसली, रेडिओवर अभंग लागला होता, तिनं पूर्ण ऐकला, मग म्हणाली बंद कर. आम्ही दोघं तासभर काही न बोलता बसलो. घरी जाताना म्हणाली, "इथं बरं वाटते की रे." फोन अजूनही करते, पण आता आठला, जेवलास का विचारायला.

तर फरक कसा ओळखायचा, माझ्यापुरतं सांगतो. एकटं बसून सकाळी उठल्यावर माणसांत जावंसं वाटत असेल, चहा घ्यावासा वाटत असेल, कोणाला काही सांगावंसं वाटत असेल तर ते एकटेपण चांगलं. पण बसून-बसून माणसं नकोशी होत असतील, जेवण जात नसेल, झोप उडाली असेल, नाही-नाही ते डोक्यात येत असेल तर रेडिओ-बिडिओ घेत बसू नका, तुम्हाला एकांत नाही, माणूस पाहिजे. घरच्यांना सांगा. नाही सांगता आलं तर १४४१६ लावा, सरकारचं टेलिमानस आहे, २०२२ पासून, रात्री-बेरात्री कधीही लागते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मी हा नंबर मचानाच्या खांबावर लिहून ठेवला आहे. माझ्यासाठी नाही लागला आतापर्यंत पण तिथं कोणीही येऊन बसते.

आणि जंगलाला लागून ज्यांची वावरं आहेत, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला, त्यांनी माझं ऐकून एकट्यानं जागलीला जाऊ नये. २०१८ ला पांढरकवड्याकडे माणसं मारणाऱ्या वाघिणीचे जे दिवस होते तेव्हा तिकडचे पाहुणे दिवसासुद्धा चौघं-चौघं मिळून वावरात जायचे. एकांत जीवावर बेतून घ्यायची गोष्ट नाही.

वाघावरून आठवलं, टिपेश्वरचा तो वाघ, तरणा नर, ज्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. २०१९ ला निघाला तो तेलंगणाच्या हद्दीतून फिरत-फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला, तेराशे किलोमीटरच्या वर चालून, आणि सगळी वणवण मिळून तीनेक हजार किलोमीटर भरली. वॉकर नाव ठेवलं लोकांनी. ज्ञानगंगेत दुसरा एकही वाघ नव्हता. रात्री मचानावर मला त्याची आठवण येते, लोकांच्या कापसातून, तुरीतून, नाल्यानाल्यानं तो एवढा चालला, किती गावांच्या उशाशी बसून गेला असेल. काकांना सांगितलं तर ते म्हणाले आपल्या चक्रधर स्वामींचंही तसंच. काका महानुभाव आहेत, रिद्धपूरला जातात दरवर्षी. स्वामी कितीतरी वर्षं एकटेच हिंडले, कोणी सोबत नाही, त्या काळाला त्यांच्यात एकांक म्हणतात. शब्द मला फार आवडला. एकांतात माणूस नुसता बसलेला वाटते, एकांकात चाललेला वाटते.

बरं, रेडिओचे दोष. आहेत, लपवत नाही.

चार्जिंगची पिन जुन्या पद्धतीची बारीक आहे आणि दुसऱ्याच महिन्यात ढिली झाली. वायर एका कोनात धरून दगड ठेवावा लागत होता. बाजारात त्या पोराकडं नेला तर तो म्हणाला गॅरंटी ठिय्यावरून उठेपर्यंतची. शेवटी गावातल्या मोबाईल रिपेअरवाल्यानं ४० रुपयांत झाळ मारून दिली. तुम्ही घेताना नवीन रुंद पिनचा, उलटी-सुलटी कशीही लागते तो घ्या, शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. दुसरं, आतला सेल. त्याच्यावर लिहलं होतं ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) आणि पाच तासांत मेला. १८६५० म्हणतात तो सेल आहे, १८ मिलिमीटर जाड न ६५ मिलिमीटर लांब म्हणून तो नंबर, आणि त्या आकाराच्या सेलमध्ये चांगल्यात चांगला साडेतीन-चार हजारापर्यंतच माल मावते, नऊ हजार लिहलेलं असेल तर सरळ खोटं समजा. मी लगेच २२०० लिहलेला एक बरा सेल वेगळा घेतला, आता मध्यम आवाजात तीन-चार रात्री निघतात. तिसरं, स्टेशनची चकती थंडीत सरकते, पहाटे लागलेलं स्टेशन आपोआप बाजूला जाते, त्याला इलाज नाही, बटनाचा आकडेवाला मिळत असेल तर तो पाहा. टॉर्च नावापुरती, तिच्या भरवशावर विहिरीजवळ जाऊ नका. दवापासून जपा, मी रात्री बंद केला की प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्ब्यात ठेवतो, जाळीतून पाणी गेलं की आवाज फाटते. पेनड्राइव्हची सोय आहे पण मी कधी वापरली नाही आणि वापरूही नका असं म्हणेन, आपल्याच आवडीची गाणी आपणच लावत बसलो की परत हात कामाला लागतात.

आवाज पाचपैकी चार, बॅटरी दोन (सेल बदलल्यावर चार), मजबुती साडेतीन. किमतीला पैसे वसूल. ज्यांना रात्री वावरात राहावं लागते, ज्यांच्या घरची माणसं बाहेरगावी गेली आहेत, गुरं घेऊन दिवसभर रानात असणारे, रात्रपाळीचे चौकीदार, यांनी जरूर घ्या. पोरांना मोबाईल सोडवायला म्हणून कोणी घेणार असेल तर होणार नाही, माझ्या पोरानं दोन मिनिटं चकती फिरवली न ठेवून दिला, त्याचं वय झालं की पाहू.

काकांशी एक ठरलं आहे ते सांगतो, तुम्हीही करा. आधी माझा रेडिओ चालू असला की त्यांना कळायचं मी ठीक आहे, बंद झाला की ते तिकडून हाक मारायचे आणि माझी झोपमोड व्हायची. आता साडेदहाला रेडिओ बंद करायच्या आधी मी त्यांच्या मचानाकडे मोठी टॉर्च तीनदा चमकवतो, तिकडून तीनदा उत्तर येते. मध्यरात्री, तिकांडं ढळायला लागलं की ते चमकवतात, मी उत्तर देतो. कधी त्यांना झोप लागते, मग मी थोडा वेळ थांबून मचानावरून उतरतो, धुऱ्यापर्यंत जाऊन त्यांच्या घोरण्याचा आवाज ऐकतो न परत येतो.

चना पंधरवड्यापूर्वी काढला. सेल काढून वेगळा ठेवला आहे, तुम्हीही हंगाम संपला की काढूनच ठेवा, आत राहिला तर पार उतरून खराब होते.